मस्टरवरचा नवरा

आमच्याकडे भिलाईत कुठलाही कार्यक्रम असो, लग्न असो की कुणाची निवृत्ती, एखादे आजोबा माईक धरतात आणि "हा कारखाना आम्ही उभा केला" असं सुरू करतात. बाया खाली सतरंजीवर बसून ऐकतात. मीही ऐकते. पण 'आम्ही' म्हणजे कोण कोण, हे त्यांनी एकदा नीट सांगावं असं मनात येतं आणि माझं डोकं तापतं. मुलगी माझा पदर ओढते, "आई, चूप बस ना." चूप बसून बसूनच तर सगळं झालं. म्हणून आता म्हातारपणी लिहायला बसले आहे.

आम्ही भंडाऱ्याकडचे. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या माणसांनी गावकीची कामं सोडली, मेलेली गुरं ओढणं सोडलं, आणि गावानं आम्हाला शेतावर बोलावणं सोडलं. विहिरीवरची भांडणं वेगळीच. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्याच्या आधीच भिलाई-३ला रेल्वेच्या गँगमध्ये लागले होते. त्यांनी निरोप धाडला, "या. इथं काम लय आहे, माणसं कमी पडून राहिली." मी आणि नवरा एक ट्रंक, एक वळकटी घेऊन आलो. मजुरांच्या कॅम्पात बांबूच्या तट्ट्यांची झोपडी केली आणि रशियाच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलादाच्या कारखान्याच्या कामावर जाऊ लागलो.

ठेकेदार माणसं घेत नसे, जोड्या घेई. जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक बाई. पुरुषानं गैंतीनं, म्हणजे टिकावानं, खणायचं, बाईनं माती घमेल्यात भरून डोक्यावरून वर न्यायची. पितळेचा बिल्ला एक, तो पुरुषाच्या गळ्यात. मस्टरवर नाव एक, ते पुरुषाचं. मजुरी एक, ती पुरुषाच्या हातात. बाईचं नाव कुठंच नाही. कुणाची बायको बाळंत झाली तर बहीण यायची, बहीण नसली तर मेहुणी. हजेरी घेणाऱ्या मुन्शीला काही फरक पडत नसे. कुणाचं का असेना, एक डोकं आणि त्यावर घमेलं दिसलं की त्याचं समाधान व्हायचं.

खरं सांगते, तेव्हा मला यात काही खटकलं नाही. गावात राबून वर शिव्या खायच्या, त्यापेक्षा इथं हप्त्याच्या हप्त्याला मजुरी मिळत होती. नवरा भला होता, पैसे आणून माझ्याच हातावर ठेवायचा. मग आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या वर्षी त्याला सिमेंटची पोती उतरवायला लावलं. पोतं फाटलं की धुराळा उडायचा, तोंडाला गमछा बांधून किती अडणार? आधी खोकला, मग ताप, मग चार पावलं चालला की धाप. दुर्गच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध दिलं आणि आराम करायला सांगितलं. डॉक्टरला सांगायला काय जातं! आमच्या झोपडीत तेव्हा वर्षाची मुलगी होती आणि मडक्यात तांदूळ तळाला गेले होते.

मी एकटीच कामावर गेले. मुन्शीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आधी जोडी का मैं क्या करूं? मरद को ला, फिर आ."

मी म्हणाले, जोडी अर्धी असली तरी माझं डोकं, माझी मान, माझे पाय तर शाबूत आहेत ना? तो पुढच्या जोडीकडं वळला. झालं, एका वाक्यात माझी नोकरी गेली. नोकरी म्हणायची तरी कशी, ती माझी होती असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्याच रांगेत मागं एक छत्तीसगढी बाई बसली होती. तिचं गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं होतं आणि नवरा कुठल्याशा खाणीवर कमवायला गेला तो परतलाच नव्हता. तीही अर्धी जोडी. रोज यायची, रोज मुन्शी हाकलायचा. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मैं खनहूं, तैं बोहिबे." मी खणते, तू वाहा.

मुन्शी पोट धरून हसला. औरत गैंती चलाएगी? तिनं बाजूची गैंती उचलली, लुगड्याचा काचा मारला आणि मुरमात असा घाव घातला की हसणारे पुरुष बाजूला सरकले. मुन्शीला पायाचे खड्डे वेळेत पाहिजे होते. तो म्हणाला, ठीक आहे, पण दोन बाया म्हणजे पाऊण मजुरी. आणि मस्टरवर मर्दाचं नाव लागतं, तेव्हा तुझ्या माणसाचं नाव आहे ते तसंच चालू राहील.

इथं आमची चूक झाली. ती एकट्या माझी नाही, आमच्या सगळ्या कॅम्पाची. नवऱ्यानं भासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "राहू दे नाव. बिल्ला एकदा गेला तं परत भेटन नाही." शेजारीपाजारीही तेच म्हणाले. आम्ही गावाकडून आलेली माणसं. सातबाऱ्यावर नाव चालू म्हणजे जमीन चालू, एवढंच आम्हाला ठाऊक. नोकरीचंही तसंच असेल असं आम्ही धरून चाललो. नाव माझ्या नवऱ्याचं, बिल्ला माझ्या गळ्यात, गैंती तिच्या हातात. तिचं तर नावच नाही, ना तिच्या नवऱ्याचं.

रोज सकाळी मुन्शी हजेरी घ्यायचा. माझ्या नवऱ्याचं नाव पुकारायचा आणि मी म्हणायची, "हाजिर." पहिल्या दिवशी सगळी साईट खिदळली. ज्या नवऱ्याचं नाव बाईनं उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, त्या नावाला मी भर लोकांत ओ देत होते. लाजेनं कान लाल झाले. मग सवय झाली. सवय कशाचीही होते, हेच तर वाईट.

आम्ही दोघी पाळी-पाळीनं खणू लागलो, कारण तिची कंबर दुखली की मी गैंती घ्यायची आणि माझी मान गेली की ती घमेलं. मोठ्या भट्टीच्या बाजूचा एक खोल खड्डा होता, तो जवळजवळ सगळा आम्ही खणला. वरून पाहिलं की आमची डोकीसुद्धा दिसत नसत. काठावरून रशियन साहेब जायचे, त्यांच्यासोबत कधीकधी रशियन बाया, हातात कागद, पायात बूट. मुन्शी त्यांना वाकून सलाम करायचा आणि वळून आम्हाला म्हणायचा, "ए बाई, जल्दी कर." बाई म्हणून त्यांना सलाम आणि आम्हाला दम.

एका दुपारी तिनं मला विचारलं, आपण गंगाजल होऊ या का? त्यांच्यात अशी रीत आहे. दोघी मैत्रिणी गंगेचं पाणी साक्षीला ठेवतात, एकमेकींच्या जन्माच्या होतात, मग एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. मी म्हणाले, "आमी दीक्षा घेतलेले, गंगा-बिंगा आमच्यात चालत नाही." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग तू माझी जोडी. तेव्हापासून ती मला 'जोडी' म्हणायची, मीही तिला 'जोडी'. ती तिच्या बासीतला, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेल्या भातातला, वाटा मला द्यायची. मी तिला माझ्या भाकरीतला. घरी नवरा खोकत खोकत मुलीला सांभाळायचा, भात शिजवायचा. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांचे नवरे दारू पिऊन पडत, त्यावर मात्र कुणी हसत नसे.

असं वर्षाहून जास्त गेलं. आणि मग काम संपलं.

भट्ट्या उभ्या राहिल्या, रात्रीचं आभाळ लाल दिसू लागलं, लोकांनी पेढे वाटले आणि ठेकेदारानं छाटणी काढली. कचेरीपुढं सगळ्यांना उभं करून मुन्शीनं सांगितलं: ज्यांचं काम वर्षाच्या वर झालं त्यांना भरपाई मिळेल आणि रोजगार दफ्तरासाठी चिठ्ठी मिळेल. त्या चिठ्ठीला किंमत होती. चिठ्ठी असली की कारखान्यात खलाशी, म्हणजे साधा कामगार, म्हणून घेताना आधी तुम्हाला बोलावणार. पक्की नोकरी, क्वार्टर, दवाखाना. लोक कान देऊन ऐकत होते. माझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं. मी सवयीनं "हाजिर" म्हणाले. पुढं मी वाट पाहत राहिले. नावं संपली.

मी मुन्शीला गाठलं. "आन् आमच्या दोघींचं?"

"तेरे आदमी का तो आ गया ना. और क्या चाहिए?"

संध्याकाळी पंपावर हातपाय धुताना माझी जोडी म्हणाली, "मोर नांव तो कोनो मेर नइ हे." माझं नाव तर कुठंच नाही. रडली नाही, नुसतं सांगितलं. ती रडली असती तर मला परवडलं असतं. तिच्या त्या सांगण्यानं माझ्या अंगाची लाही झाली.

घरी आले तर भासरे आधीच येऊन बसलेले. खूश होते. "झालं ना! घरबसल्या भेटून राहिलं." माझा नवरा म्हणाला, खलाशी व्हायला डॉक्टर छाती तपासतो, मला कोण घेईल? त्यावर भासऱ्यांचं उत्तर तयार होतं. त्यांचा साळा गावात रिकामा बसला होता. चिठ्ठी घेऊन तो जाईल, माझ्या नवऱ्याच्या नावावर उभा राहील, डॉक्टरला छाती दाखवील आणि नोकरीला लागेल. कोण ओळखतं? भरपाईचे पैसे आमच्या औषधाला, नोकरी साळ्याला. सगळं घरातल्या घरात.

मी चुलीपाशी होते. भासऱ्यांसमोर आमच्यात बाई तोंड उघडत नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. मी त्या दिवशी गप्प राहिले, पण मला झोप आली नाही. माती आम्ही खणली, नाव नवऱ्याचं, आणि नोकरी त्या माणसाला, ज्यानं भिलाईची माती अजून पाहिलीसुद्धा नव्हती!

आमच्या वस्तीत दर रविवारी एका झोपडीत बुद्धवंदना व्हायची. छाटणी सुरू झाल्यापासून तिथं एक मडकं ठेवलं होतं. ज्याच्या घरी काम चालू आहे त्यानं मूठभर तांदूळ टाकायचे, ज्याचं काम गेलं त्यानं न्यायचे. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. ठेकेदाराची भरपाई कधी यायची तेव्हा येईल, आमची भरपाई ही होती. त्या रविवारी वंदना झाल्यावर भासऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की भावाचं काम झालं, आता त्याला मडक्यातले तांदूळ लागणार नाहीत. लोकांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले.

"मले एक सांगा. तो खड्डा कोनं खंदला?"

भासरे माझ्याकडं न पाहता म्हणाले, "नावावर तं माह्या भावाच्या आहे."

"नावाले हात असतात का? गैंती नाव उचलते का?"

एक जाणते गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, पैसा तुह्याच घरात येऊन राहिला. मंग कावून भांडून राहिली?"

"आन् माही जोडी? तिचं घर कोणतं? तिच्या घरात काय येऊन राहिलं?" मग मला थांबताच येईना. "आपन गावकी कावून सोडली? राबाचं आपन न् नाव पाटलाचं, म्हनूनच ना? मंग आता आपनच पाटील झालो का?"

बायांच्या बाजूनं कुणीतरी हुंदका दिला. माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याला खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत सगळे थांबले. मग तो म्हणाला, "उद्या मी कचेरीत येतो. जे खरं हाये ते सांगतो."

भासरे चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठेकेदाराच्या कचेरीत गेलो. नवरा वाटेत तीनदा बसला. आत एक तरुण लेबर बाबू होता, शिकलेला, बोलायला मऊ. त्यानं माझ्या नवऱ्याला खुर्ची दिली, आम्हा दोघींना नाही. नवऱ्यानं सांगितलं की वर्षाच्या वर झालं, मी कामाला हात लावला नाही. माझ्या नावावर या दोघींनी खणलं. भरपाई यांना द्या, चिठ्ठी यांना द्या. बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ऐकतो आहे, माणूस बरा दिसतो.

"मतलब आप काम पर नहीं थे?"

"नाही."

बाबूनं पेन उचललं आणि माझ्या नवऱ्याच्या नावावर रेघ मारली. मग त्यानं मस्टर चाळलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "और इन दोनों का तो नाम ही नहीं है. कानून में जोडी जैसी कोई चीज नहीं होती." म्हणजे नवरा नाही, कारण तो कामावर नव्हता. आम्ही नाही, कारण आम्ही कागदावर नव्हतो. कुणीच नाही.

मी विचारलं, "मंग तो खड्डा खंदला कोनं?"

त्यानं खांदे उडवले. "वो गड्ढा तो अब भर गया. उसमें कांक्रीट पड गया ना."

त्यानं शिवी दिली असती तर मी शिवी देऊन परतले असते. पण त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बरोबर उत्तर दिलं. दोन बायांनी हाडं मोडून खणलेला खड्डा त्याच्या लेखी आपोआप पडला आणि आपोआप बुजला. जोडी कायद्यात नव्हती, तर कारखाना होईपर्यंत सगळ्या साईटवर काय चालू होतं? कायद्यात नसलेली गोष्ट चालवली कुणी, आणि दंड कुणाला झाला? मी हे सगळं त्याला विचारलं. तो घड्याळ पाहू लागला. चपराशानं आम्हाला बाहेर काढलं.

वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, बरं केलं. बरेच म्हणाले, बाईनं भरल्या ताटाला लाथ मारली आणि आजारी नवऱ्याच्या औषधावर पाणी सोडलं. भासऱ्यांनी येणं-जाणं तोडलं. त्यांची बायको मला पंपावर ऐकवायची. मी नवऱ्याला एकदा विचारलं, तुम्हाला पस्तावा होतो का? तो म्हणाला, "मी झोपून होतो. झोपल्याची भरपाई कायले घेऊ?" आणि कूस बदलली.

मडक्यातले तांदूळ आम्ही खाल्ले. माझी जोडी आमच्यातली नव्हती, तरी तिलाही मिळाले. ज्या बाईनं हुंदका दिला होता ती स्वतः तिच्या पदरात घालून आली. त्या देणारीच्या घरीसुद्धा त्या महिन्यात फक्त एकाचं काम चालू होतं. ज्यांच्या तिजोऱ्या भरल्या त्यांच्याकडून एक दाणा आला नाही.

पुढं सेक्टर १०च्या बाजूला क्वार्टरांच्या पायांचं काम निघालं. आम्ही दोघी गेलो. तिथला मुन्शी नवा, पण बोलणं तेच. "मरद का नाम?" मी म्हणाले, आमची दोघींची नावं लिहा. त्यानं हाकललं. दुसऱ्या ठेकेदारानं हाकललं. मरोद्याकडं मातीकाम होतं, तिथंही हाकललं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "लिवू दे माह्यं नाव. पोट तं चालन." मुलगी उपाशी झोपली होती. भुकेपुढं राग किती टिकतो ते मला त्या दिवसांत कळलं. रोज सकाळी वाटायचं, आज देऊन टाकावं त्याचं नाव. माझी जोडी नुसती सोबत चालायची. तिला देण्यासारखं नवऱ्याचं नावही नव्हतं, म्हणून मी दिलं नाही. मी नाव देऊन आत गेले असते, तर ती पुन्हा कुणाचीच कुणी नसती.

शेवटी ज्यानं आधी हाकललं होतं त्याच सेक्टर १०च्या मुन्शीनं आम्हाला बोलावलं. त्याच्या जोड्या धानाच्या कापणीसाठी गावी गेल्या होत्या आणि त्याचं काम अडलं होतं. पाऊण मजुरी, तो म्हणाला. मी म्हणाले, नावं दोन. त्यानं कटकट करत दोन नावं लिहिली.

दुसऱ्या सकाळी हजेरी सुरू झाली. आम्ही रांगेत उभ्या होतो. मुन्शी एकेक नाव घेत होता, पुरुष "हाजिर" म्हणत होते. मग एक बाईचं नाव पुकारलं गेलं. कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, चिडून. मी इकडं तिकडं पाहिलं, कोण बाई आहे ही? माझ्या जोडीनं मला कोपरानं ढोसलं.

"बहरी है क्या?" मुन्शी ओरडला. "तेरा ही नाम है ना?"

माझंच होतं. आईनं ठेवलेलं, लग्नानंतर कुणी न घेतलेलं. नवरा मला 'अवं' म्हणायचा, शेजारी पोरीची माय म्हणायचे, आणि साईटवर मी इतके दिवस नवऱ्याच्या नावाला ओ दिली होती. सगळ्यांनी मिळून माझं नाव मलाच अनोळखी करून ठेवलं होतं. मी "हाजिर" म्हणाले, पण आवाज निघाला तो रागानं फुटलेला, आणि सगळ्या रांगेनं वळून माझ्याकडं पाहिलं.